हैदराबादला न पोचलेली बाटली

ये गं बाई, अशी जवळ ये. लांबून ऐकायची गोष्ट नाही ही. आणि आधी दोन शब्द बोलून घेते, मग पुढचं. चार महिने झाले, तोंड दाखवलं नाहीस. फोनवर म्हणतेस, "आजी, जेवलीस का, गोळी घेतलीस का," आणि मी व्हय-व्हय म्हणेपर्यंत ठेवूनही देतेस. तुझ्या त्या पेशींना दर दोन दिवसांनी खाऊ घालावं लागतं म्हणे, रविवार असो की सण असो. काचेच्या थाळीत वाढणाऱ्या पेशींची एवढी काळजी, आणि आजी काय, थाळीत वाढत नाही म्हणून राहिली बाजूला, असंच ना?

रागावले नाही. तू इथं नाहीस हेही मला कळतं. पण मी जवळ बोलावल्याबिगर बोलायला शिकलेच नाही, म्हणून कागदावर का होईना, तुला समोर बसवलंय. आणि समोर खरीच बसली असतीस तर हे सांगणं झालं नसतं. मधेच मी चहा ठेवायला उठले असते. माझी खोड मला ठाऊक आहे. म्हणून लिहिते. मराठी लिहायला मी पुड्यांच्या कागदावरून शिकले, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ काढत बसू नकोस.

गेल्या उन्हाळ्यात आली होतीस तेव्हा एक कागद घेऊन आली होतीस, तुमच्या संशोधनाचा. छातीचा कॅन्सर एकाच घरातल्या बायांना पुन्हा पुन्हा का होतो ते तुम्ही शोधताय, त्यासाठी घराघरांतली माहिती गोळा करताय. म्हणालीस, सुरुवात आपल्या घरापासून. मी लसूण सोलत होते. तू विचारलंस, "आजी, तुझ्याकडं कुणाला होता का? तुझ्या आईला, बहिणीला?" मी म्हणाले, "नाय गं. माझी माय तापानं गेली." तू "बरं झालं" म्हणालीस आणि चौकोनात फुली मारलीस. मी पुढची पाकळी सोलायला घेतली.

आता गेल्या आठवड्यात तुझ्या आईचा फोन आला. तिला डॉक्टरनं छातीचा फोटो काढून घ्यायला सांगितला होता, वय झालं म्हणून. ती मला हसत हसत सांगते, "मी नाही गेले. आपल्या घराण्यात कुठंय तसलं काही? तूच सांगितलंस ना." मी "व्हय" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून रोज थोडं थोडं हे लिहितेय.

तर ऐक. माझी माय तापानं गेली नाही.

तेव्हा इथं निजामाचं राज्य होतं. पोलिस ॲक्शनच्या दोन-अडीच वर्षं आधीची गोष्ट, मला तेरावं लागलं असेल. कचेरीत सगळा कारभार उर्दूत. माझे वडील, त्यांना आम्ही दादा म्हणायचो, तहसील कचेरीत नक्कलनवीस होते. म्हणजे सरकारी कागदांच्या हुबेहूब नकला उतरून द्यायच्या. आमचं घराणं मेंढरंवाल्यांचं. करमाडकडचे चुलते सगळे कळपामागं हिंडणारे. दादांच्याच हातात तेवढा काठीच्या जागी बोरू आला, त्यामुळं कागदावर त्यांची देवाहून जास्त श्रद्धा. आभाळ भरून आलं तर माय म्हणायची, "विचारा तुमच्या दादाला, पावसाचं लिहून आलंय का."

शहरातल्या एका बोळात आमच्या दोन खोल्या, मागं थोडं अंगण, अंगणात सीताफळाचं झाड. भिंतीपलीकडं खालाचं घर. खाला म्हणजे माझी सख्खी मावशी नव्हे. मुसलमान घर ते, हिमरूच्या शाली विणणाऱ्यांचं. खाला विधवा होती, घरबसल्या विणकरांना रिळं भरून द्यायची. भिंतीत एक खिडकीवजा दार होतं, त्यातून भाजी, विस्तव, भांडणं आणि लेकरं इकडून तिकडं जायची.

एक दिवस न्हाणीत मी मायची पाठ चोळत होते. तिनं माझा हात धरला आणि पुढं नेऊन डाव्या बाजूला ठेवला. "बघ गं, हितं काय लागतंय?"

निंबोळीएवढं काहीतरी होतं. पण निंबोळी बोटाखाली सरकते, हे सरकत नव्हतं.

"दुखतं का गं?"

"दुखत नाय. धाकटीचं दूध तोडलं तवाचं गोठलं असंल."

धाकटी, माझी बहीण, तेव्हा पाच वर्षांची होती. म्हणजे किती दिवसांचं ते दूध, तूच हिशेब कर. मायनं आंबेहळदीचा लेप लावला, पानं बांधली. दादांना सांगितलं नाही. छातीचं दुखणं नवऱ्याला काय सांगायचं, असा तो काळ. निंबोळीची सुपारी झाली तेव्हा खालाच्या ध्यानात आलं. तिनं काय केलं माहीत आहे? टांगा दारात आणून उभा केला, त्याला चादरीचा पडदा लावला आणि मायला म्हणाली, "भाभी, बैठती क्या मैं उठा के डालूँ?"

जनाना दवाखान्यात पुरुष माणूस नाही, सगळा बायांचा कारभार. डॉक्टरीणबाई हैदराबादकडच्या, चष्मेवाल्या, कमी बोलणाऱ्या. त्यांचं उर्दू खालाच्या बोलीसारखं नव्हतं, मायला निम्मंच समजायचं, मी शाळेत उर्दू शिकलेली, म्हणून मी मधे उभी.

"दर्द होता है?"

"नाय होत," माय म्हणाली.

"नहीं होता, यही तो बुरी बात है."

मी सांगितलं, "माय, त्या म्हणतात दुखत नाय तेच वाईट."

"घ्या! दुनियेचे डॉक्टर दुखल्यावर बघतात, हिला न दुखलेलं पायजे," माय म्हणाली आणि स्वतःच हसली. डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. त्यांनी काखेत बोटं घालून लई वेळ चाचपलं. पुढं कधीतरी तू मला सांगितलंस, आजार आधी काखेतल्या गाठींत उतरतो म्हणून. त्या दिवशी त्या बोटांना काय लागलं असेल, हे मला तुझ्याकडून कळलं, सत्तर वर्षांनी.

त्यांनी सुई देऊन जागा बधिर केली आणि गाठीचा एक तुकडा कापून घेतला. छोट्या बाटलीत घातला, वर पाण्यासारखं औषध ओतलं, बूच मेणानं बंद केलं. चिठ्ठी चिकटवली, मायचं नाव, अंदाजे वय, डावी बाजू. मला समोर बसवून एकेक शब्द सांगितला. हा तुकडा हैदराबादला जाईल. तिथं तो खुर्दबिनीखाली बघतात. खुर्दबीन म्हणजे तुझं ते मायक्रोस्कोप. तिथून कागद येईल. कागदात वाईट निघालं तर हैदराबादला नेऊन मोठं ऑपरेशन, मग विजेचा शेक, तुम्ही रेडिएशन म्हणता तो. "जल्दी करे तो जान बचती. देर करे तो नहीं. समझी?"

मी मान हलवली.

"हमारा चपरासी बुखार में पड़ा है. कल दोपहर से पहले ये शीशी बड़े दवाखाने के कंपौंडर को देना. जुमेरात की गाड़ी से पेटी जाती." पेटी म्हणजे सगळ्या तपासण्यांच्या बाटल्यांची. दर गुरुवारी रेल्वेनं हैदराबादला जायची. आणि त्यांनी ती बाटली माझ्या दोन्ही हातांत दिली.

घरी आल्यावर दादांना सांगावंच लागलं. ते म्हणाले, "ठीक हाय. कागद येऊ द्या. कागदात जे असंल तसं करू. हैदराबादला न्यायचं म्हटलं तरी न्हेऊ." आणि हे त्यांनी मनापासून म्हटलं होतं, हे विसरू नकोस. माझ्या बापाला नावं ठेवू नकोस.

बाटली फळीवर ठेवली होती. माय भाकरी थापता थापता तिच्याकडं बघायची. रात्रभर ती झोपली नाही म्हणे.

दुसऱ्या दिवशी दादा कचेरीत गेले. मी केस विंचरले, बाटली फडक्यात गुंडाळली, पिशवीत घातली. माय म्हणाली, "थांब."

"दुपारच्या आत द्यायची हाय, माय."

"थांब म्हणते ना. दे हिकडं." तिनं बाटली घेतली आणि उजेडात धरली. आत तो तुकडा, भिजलेल्या शेंगदाण्याएवढा, पांढुरका. "एवढासाच? ह्यानं चार लेकरं पोसली. अन् ह्याला लोणच्यागत बाटलीत घालून परमुलखात धाडायचं? कोण कुठला माणूस बघणार, उलटंपालटं करणार, अन् मग उकिरड्यावर टाकणार?"

"डॉक्टरीणबाईनं सांगितलंय गं."

"तिनं काल बघितलं की डोळ्यानं. आणखी किती बघायचं?"

तुला हे वेड वाटेल. पण आमच्यात अंगाचं काही सुटलं तर ते मातीआड करतात. लेकराची नाळ, वार, सगळं. माझ्या पणज्याचं बोट कुऱ्हाडीनं तुटलं तर त्यालासुद्धा मूठमाती दिली होती, आणि ती जागा घरातले दाखवायचे. माझी नाळ करमाडला पुरली. धाकटी या घरात जन्मली, तिची नाळ या सीताफळाच्या बुडाशी. मायचं म्हणणं एवढंच, की अंगाचा तुकडा अंगाच्या माणसांजवळ राहावा.

तिनं खिडकीतून खालाला हाक मारली. खाला ऐकून आधी म्हणाली, "नक्को भाभी. डॉक्टरनी गुस्सा होंगी."

"तिला सांगतंय कोण?"

"और बीमारी?"

"बिमारी ह्याच्यातच होती ना? मग ती बी मातीत जाईल."

खाला खिडकीशी उभी राहिली. तिच्या मनात काय चाललं होतं मला कळत होतं, कारण त्यांच्यातही तसंच. हात कापला, पाय कापला तरी पांढऱ्या कपड्यात लपेटून दफन करतात. दुसऱ्या कुठल्या गोष्टीवर तिनं मायशी दिवसभर वाद घातला असता. या गोष्टीवर दोघींचा धर्म एक झाला. ती आत गेली आणि मलमलीचा हातभर तुकडा घेऊन आली.

खड्डा मी खणला. खुरप्यानं. मायला हात वर करवत नव्हता, जखम ओली होती.

बूच काढलं तसा असा उग्र वास आला की तिघींच्या डोळ्यांतून धारा. खाला म्हणाली, "या अल्ला, ये तो प्याज का बाप है!" आणि माय हसली, पोट धरून हसली. मग पदर तोंडाला लावून बराच वेळ तशीच बसली. खालानं तुकडा मलमलीत गुंडाळला, अत्तराचा बोळा ठेवला. मायनं हळद-कुंकू वाहिलं. मी माती लोटली. वरून माठातलं पाणी घातलं.

हात धुवून माय माझ्याकडं वळली. "दादाला सांगायचं नाय. कुणालाच नाय. माझी आण हाय तुला."

सांज झाल्यावर दादा आले. चपला काढायच्या आत विचारलं, "दिलीस का गं बाटली?"

"दिली."

"पावती?"

मला पावतीचं सुचलंच नव्हतं. "पावती देत नाहीत म्हणाले."

"सरकारी काम अन् पावती नाय?" ते पुटपुटले. "जमाना बिघडला." आणि हातपाय धुवायला गेले.

बाटली मायनं राखेनं घासून, उन्हात वाळवून फळीवर ठेवली. पुढं त्यात डोक्याला लावायचं तेल भरलं. दादा रोज सकाळी त्याच बाटलीतलं तेल तळहातावर घेऊन केसांना चोळायचे आणि विचारायचे, "टपालवाला येऊन गेला का काल?"

तीन आठवडे गेले. जखम भरली. मायच्या मनानं घेतलं होतं की आता आजार मातीत गेला. खरंच तिला बरं वाटत होतं गं, ती गाणी म्हणायची. डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं. कागद आला नाही म्हणून त्या चिडल्या होत्या, हैदराबादवर चिडल्या होत्या. मला विचारलं, "शीशी दी थी ना तूने?"

"दी."

दोनदा खोटं बोलले. एकदा बापाशी, एकदा डॉक्टरशी. त्यांनी पुन्हा काखेत बोटं घातली आणि म्हणाल्या, कागदाची वाट बघू नका, माझ्या बोटांना कळतंय, घेऊन जा हैदराबादला. मी घरी येऊन दादांना तसंच्या तसं सांगितलं. दादा म्हणाले, "बोटाला काय कळतं? तिथला मोठा सर्जन पैला कागदच मागंल. कागदाबिगर बाईमाणसाच्या अंगावर सुरी चालवायची? काय वेडंबिडं हाय का?"

त्यांनी अर्ज लिहिला. काय अक्षर होतं त्यांचं! मोत्यासारखं, उर्दूचं ते वळणदार नस्तालीक. एक अर्ज, मग स्मरणपत्र, मग आणखी एक. रविवारी सकाळी पाटावर कागद ठेवून लिहायचे, आणि मी शाई घोटून द्यायचे. मी, जिला ठाऊक होतं की तो तुकडा दहा पावलांवर सीताफळाखाली आहे. प्रत्येक अर्जाला वाटायचं, आता सांगते. माय चुलीपाशी बसून माझ्याकडं बघायची. तिची आण.

शेवटी उत्तर आलं. या नावाचा नमुना इथं पोचलेला नाही. दादांनी तो कागद तीनदा वाचला. आणि त्यांना काय वाटलं असेल? जन्म दफ्तरात गेलेला माणूस. ते म्हणाले, "हरवला. तिथं कुणीतरी हरवला अन् वर लिहितात पोचलाच नाय." मरेपर्यंत ते हैदराबादच्या त्या कारकुनाला शिव्या घालत राहिले. असा कारकून नव्हताच. शिव्या माझ्या होत्या, मी ऐकून घेतल्या.

मग ते मायला म्हणाले, दुसरा तुकडा देऊ, आता मी स्वतः घेऊन जातो. माय म्हणाली, "एकदा दिलं तेवढं बास." तोवर डॉक्टरीणबाईंची बदली झाली होती. नवीन बाई यायला लई महिने लागले.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण तुला पुस्तकातून माहीत आहे आणि मला नाकातून. आधी कातडी बदलली. मोसंबीची साल असते ना, बारीक बारीक खळ्यांची, तशी. मग डावा हात सुजला, बांगड्या कापून काढाव्या लागल्या. खालानं कापल्या, कानसेनं, आणि तुकडे पदरात बांधून घेऊन गेली, कुणाला दिसू नयेत म्हणून. मग ती जागा फुटली. लिंबाचा पाला उकळून धुवायचं काम माझं. खाला रोज लोबान घेऊन यायची, घरभर धूर करायची, वास दबावा म्हणून. अजून कुठं लोबानाचा वास आला की मी तिथून निघून जाते. लोकांना वाटतं म्हातारी धर्माची कट्टर आहे. वाटू दे.

एका दुपारी धाकटी झोपली होती, मी मायचे पाय दाबत होते. तिचा डोळा लागलाय असं वाटून मी रडायला लागले. ती डोळे मिटूनच म्हणाली, "कशाला रडतीस? बरं झालं हितंच पुरलं. हैदराबादेत एकटंच पडलं असतं."

"माय, मी दादाला सांगू का?"

"नको. तेंचं कागदावरचं मन उडंल. दुसरं काय हाय त्यांच्याकडं?"

जाताना तिला धड चाळिशीही लागली नव्हती.

गेल्यावर दादांनी, खालानं, सगळ्यांनी ठरवलं, मुदतीचा ताप म्हणायचं. घरात दोन पोरी उजवायच्या. मायला छातीचा रोग होता हे कळलं तर कोण करणार? खाला दारात बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "बुखार से गई बिचारी." मीही सांगायला लागले. इतक्या वेळा सांगितलं की लग्नानंतर तुझ्या आजोबांनाही तेच सांगितलं, आणि तुझ्या आईलाही. खोटं बोलतेय असं वाटेनासं झालं. बाई, खोट्याची अशीच सवय होते, मिठासारखी. अळणी लागेपर्यंत आठवत नाही की घालतोय.

आता दुसरी गोष्ट. धाकटी. माझी बहीण, कन्नडला दिली होती, तुझ्या आईची मावशी. तिचं पोट पाण्यानं भरायचं. डॉक्टर पाणी काढायचे, पुन्हा भरायचं. पन्नाशीही गाठली नाही. आम्ही म्हणालो पोटाचं दुखणं. मला त्याचा आणि मायच्या दुखण्याचा काही संबंध असेल असं स्वप्नातही आलं नाही. पण गेल्या उन्हाळ्यात त्याच दिवशी, लसूण सोलून झाल्यावर, तू आपली सहज सांगत बसली होतीस. माणसाच्या पेशीत एक लिखाण असतं, पिढ्यान्‌पिढ्या त्याच्या नकला होत जातात. एखाद्या घरात त्या लिखाणात एका जागी चूक असते, आणि ती चूक असली की छातीचा आणि अंडाशयाचा, दोन्ही आजार त्या घरात शिरू शकतात. अंडाशयाचा असला की पोटात पाणी होतं. आणि म्हणालीस, एखादीच्या अंगात ती चूक नुसतीच असते, तिला काही करत नाही, ती म्हातारी होते, पण लेकीला देऊन जाते.

मी उठून चहा ठेवायला गेले, आठवतंय? तू ओरडलीस, "आजी, आत्ताच तर घेतला!"

नकला. माझा बाप जन्मभर नकला उतरत राहिला, एक काना चुकू दिला नाही त्यानं. आणि घरात ही कुठली नक्कल चालली होती ते त्याला कुणी सांगितलं नाही.

त्याच्या आधी एकदा तू मला तुझ्या प्रयोगशाळेत नेलं होतंस. तुकडे मेणात बसवून, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढून, काचेवर चिकटवून जांभळा-गुलाबी रंग देता. मला खुर्दबिनीला डोळा लावायला लावलास. मला वाटलं होतं काही भयंकर दिसेल. दिसलं ते हिमरूच्या शालीसारखं, जांभळी बुट्टी दाट दाट, आणि एका जागी वीण बिघडलेली. तू म्हणालीस, "ही एक बाई आहे, आजी. हिचा काप बघूनच कोणतं औषध लागू पडेल ते ठरलं. आता बरी आहे, भेटायला येते." मी विचारलं, काप झाल्यावर उरलेलं काय करता? तुला वाटलं मी घाबरले. तू सांगितलंस, मेणाच्या वड्या वर्षानुवर्षं जपून ठेवतो, नंबर घालून, कपाटात. कुणी उकिरड्यावर टाकत नाही.

हे मायला कुणी सांगितलं असतं तर? डॉक्टरीणबाईंनी सगळं सांगितलं, एवढंच सांगायचं राहिलं, आणि त्यांना तरी कसं सुचावं. मी तिथून बाहेर येऊन जिन्यावर बसले. तुला म्हणाले गुडघा दुखतोय.

बाटली पोचली असती तर माय वाचली असती का, हे मी तुला विचारणार नाही. त्या काळात मोठं ऑपरेशन करूनही किती बाया जायच्या, तूच सांगितलंयस. काखेत आधीच उतरलेलं होतं. तू म्हणशील, "आजी, सांगता येत नाही," आणि माझ्या समाधानासाठी "बहुतेक नाही" म्हणशील. ते "बहुतेक" घेऊन मी आजवर निजत आले. नवं नको.

पण तुझा कागद चुकीचा आहे. ती फुली चुकीच्या चौकोनात आहे, आणि ती मी मारायला लावली. माझ्या मायला होता. माझ्या बहिणीला तो पोटातला असणार, असं आता मला वाटतं. तुझ्या आईला सांग. मी फोन केला तर ती "आई, काहीतरीच काय" म्हणेल आणि मी पुन्हा "व्हय गं" म्हणून मोकळी होईन. माझ्यावर भरवसा ठेवू नकोस या बाबतीत. तिला घेऊनच ये, हात धरून, आणि येताना तो फोटो काढूनच ये. स्वतःचंही बघ. तू जगाच्या बायांचे काप बघतेस, आणि तुझ्या अंगात काय लिहिलंय ते तुला माझ्यामुळं माहीत नाही.

आणि रक्ताच्या नळ्या आण. पहिली माझी भर. मीच ती म्हातारी असेन कदाचित, जिला काही झालं नाही आणि जिनं पुढं दिलं. नसेन तर तुझी आई आणि तू, दोघी मोकळ्या व्हाल, असंच म्हणाली होतीस ना? माझ्या शिरा बारीक झाल्यात, दोन-तीनदा टोचावं लागेल, टोच. चिठ्ठीवर नाव मी माझ्या हातानं लिहीन. टपालानं पाठवू नकोस, कुणाच्या हाती देऊ नकोस. मी तुझ्याबरोबर गाडीत बसते, नळी मांडीवर घेऊन, आणि तुझ्या टेबलावर नेऊन ठेवते.

घर विकून लई वर्षं झाली, तिथं आता तीन मजले उभे आहेत. सीताफळ काही उरलं नाही. पण आलीस की बोळाच्या तोंडापर्यंत जाऊ. ती जागा मला बोटानं दाखवता येते.

पेशींना खाऊ घालायला दुसऱ्या कुणाला तरी सांग दोन दिवस. या रविवारी नाही जमलं तर पुढच्या. त्याच्या पुढं नेऊ नकोस, बाळा. लवकर ये.